ट्रंकेतल्या फिल्मसाठी स्कॅनर : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

सोलापुरातल्या गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी ओसरली, घरचे पाहुणे गेले, आणि आज माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. अप्पांची सगळी फिल्म तिच्यात आहे. १९६०च्या दशकापासून २००३-०४पर्यंतची. मिलमधली नोकरी, चाळीतले शेजारी, आत्यांची लग्नं, सिद्धेश्वराची यात्रा, शिवाय धाकट्या काकांच्या स्लाइड्स. काका निर्यातीच्या टॉवेल-चादरींचे नमुने व्यापाऱ्यांना दाखवायला स्लाइड्स काढायचे. प्रिंटा बऱ्याचशा वाटल्या गेल्या, काहींना वाळवी लागली. निगेटिव्ह तेवढे शाबूत आहेत, किंवा शाबूत असावेत.

काम दोन भागांचं आहे. आधी घरी वापरायला योग्य स्कॅनर निवडायचा, मग सगळं डिजिटल करायचं. मी सुताच्या पेढीवर हिशेब लिहिते, त्यामुळे सवय अशी की आधी मालाची मोजदाद आणि मग खरेदी. ट्रंकेत काय आहे ते नीट कळेपर्यंत एकाही स्कॅनरची किंमत बघायची नाही, असं भाच्याला बजावलंय. त्याने सकाळपासून तीन लिंका पाठवल्या आहेत.

९ फेब्रुवारी

वर्गवारी झाली. आकडे अंदाजे आहेत, पण निर्णयाला पुरतील.

सगळ्यात जुनं म्हणजे १२० रोलचे, म्हणजे रुंद फिल्मचे, चौकोनी ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह, आगफा क्लिक-३वर काढलेले. हा कॅमेरा बडोद्यात बनायचा आणि त्या काळी मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बहुधा हाच असे. एका रोलमध्ये बारा फोटो. असे साधारण साडेचारशे आहेत. मग ३५ मिमीचे ब्लॅक अँड व्हाइट, तीनशेच्या आसपास. यातली काही फिल्म उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, काही पूर्व जर्मनीची ओर्वो. रंगीत निगेटिव्ह अकराशेच्या घरात, सगळे १९८५ नंतरचे. स्लाइड्स दीडशेहून थोड्या जास्त. आणि एका पाकिटात नखाएवढे निगेटिव्ह निघाले, १३ बाय १७ मिमीचे. ऐंशीच्या दशकातल्या हॉट शॉट कॅमेऱ्याचा ११० रोल तो. मामेभावाने आणला होता म्हणे, आणि त्याने काढलेल्या प्रत्येक फोटोत कुणाचं ना कुणाचं डोकं कापलेलं आहे.

पट्ट्यांची लांबी एकसारखी नाही. काही सहा फ्रेमच्या, काही चारच्या, बऱ्याच ठिकाणी एकेक फ्रेम सुटी. कॉपी काढायला स्टुडिओत पट्टी द्यायची झाली की अप्पा कात्रीने नेमकी तेवढी फ्रेम कापून न्यायचे. बाकीची पट्टी हरवू नये म्हणून. धोरण चांगलं होतं, पण पुढे हीच सुटी फ्रेम प्रत्येक यंत्राची परीक्षा घेणार असं दिसतंय.

तीन पाकिटं उघडली तशी व्हिनेगरसारखा आंबट वास आला. फिल्मचा ॲसिटेट प्लास्टिकचा पाया कुजायला लागला की त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड उरलेल्या कुजण्याला आणखी वेग देतं. उष्णता आणि दमट हवा दोन्ही त्याला मानवतात. आमचा माळा पत्र्याखालचा आहे आणि सोलापूरचा मे काय असतो ते सांगायला नको. ही पाकिटं लगेच वेगळी काढून वेगळ्या डब्यात ठेवली. स्कॅनिंगचा क्रम सालावार लावायचा विचार होता, तो रद्द. आंबट वासाची पाकिटं आधी.

ट्रंकेतल्या डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्यांची वाफ फिल्मला चांगली नाही. ट्रंक आता खालच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी.

१० फेब्रुवारी

अप्पा : “एवढं सगळं बघणार कोण?” उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने स्वतःच भिंग घेऊन खिडकीपाशी बसले होते.

१६ फेब्रुवारी

आज आकडेमोड. स्कॅनरच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, लिहिलेला असतो. ६४००, ७२००, ९६००. त्याचा खरा अर्थ कागदावर मांडून बघितला.

३५ मिमीची फ्रेम २४ बाय ३६ मिमी. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. २४०० डीपीआयला ती सुमारे ३४०० बाय २२७० पिक्सेल होते, म्हणजे पाऊण कोटीपेक्षा किंचित जास्त. ६४००ला साडेपाच कोटी पिक्सेल, आणि ४८ बिट रंगात साठवली तर एका फोटोची फाइल सव्वातीनशे एमबीची. अकराशे फोटोंना गुणून बघा. पण त्या साडेपाच कोटींत खरा तपशील किती, हा प्रश्न वेगळाच. बारीक रेषांची चाचणीपट्टी ठेवून जाणकारांनी मोजमाप केलेली आहेत. त्यात एपसन व्ही६००सारखा ६४००वाला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, प्रत्यक्षात साधारण १५००-१६००चाच तपशील देतो. त्याचा थोरला भाऊ व्ही८५० सुमारे २३००. नुसत्या ३५ मिमीसाठी बनलेला, ७२०० लिहिलेला प्लस्टेक ३२००च्या वर जातो. उरलेले पिक्सेल म्हणजे दुधात पाणी.

आता उलट बाजूने. आपल्याला हवं किती? मॅक्सी साइझची, म्हणजे ४ बाय ६ इंची प्रिंट ३०० डीपीआयला काढायची तर १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. व्ही६००चे खरे १५५० धरले तरी ३५ मिमीच्या फ्रेममधून २२०० बाय १४६० मिळतात. म्हणजे ५ बाय ७ इंची प्रिंट आरामात, मोबाइल आणि टीव्हीला भरपूर. भिंतीवर मोठी लावायची असेल तर नाही.

आणि १२० रोल? चौकोन ५६ मिमीचा. त्याच १५५०ला ३४०० बाय ३४००. अकरा इंची प्रिंट! साध्या भिंगाच्या जुन्या कॅमेऱ्यात खरं तर तेवढा तपशील भिंगानेच दिलेला नसतो. म्हणजे ट्रंकेतल्या सगळ्यात जुन्या फिल्मसाठी महाग यंत्राची गरजच नाही. जास्त डीपीआय लागतो तो छोट्या फिल्मला.

२२ फेब्रुवारी

नवी पेठेत जाऊन आले. दुकानदाराने उत्साहाने ऑल-इन-वन प्रिंटर पुढे केला. “यात पण स्कॅनर आहे की ओ मॅडम. फोटो काय, आधार कार्ड काय, सगळं होतंय.” मी पर्समधून एक निगेटिव्ह काढून त्याच्या काचेवर ठेवला. स्कॅन आलं ते काळं आयत.

कागदाच्या स्कॅनरमध्ये दिव्याचा उजेड खालून पडतो आणि कागदावरून परततो. फिल्मला उजेड पलीकडून आरपार यावा लागतो, त्यासाठी झाकणातच दुसरा दिवा हवा. फिल्म चालणाऱ्या फ्लॅटबेडच्या झाकणाला आतून पांढरी गादी असते. ती सरकवून काढली की खाली दिव्याची लांबट खिडकी दिसते. ती खिडकी नसेल तर डीपीआय कितीही असो, फिल्मच्या बाबतीत यंत्र आंधळंच. काही पातळ, स्वस्त फ्लॅटबेडवर ४८०० डीपीआय लिहिलेला असतो, पण त्यांना ही खिडकी नसते.

दुकानदार म्हणाला, असलं यंत्र ऑर्डर देऊन मागवावं लागेल, आणि परत घेणार नाही. स्पष्ट बोलला ते बरं झालं.

१ मार्च

उमेदवारांची यादी. भाच्याच्या लिंका आता अधिकृतपणे उघडल्या.

पहिला प्रकार, कॅमेरावाला डबा. वर छोटा पडदा, आत सेन्सर, पट्टी सरकवत जायचं, बटण दाबलं की फोटो कार्डावर. संगणक लागत नाही. एका संध्याकाळी शंभरेक फ्रेम सहज. पण मिळते ती फक्त जेपीईजी, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, उजेडाची मोजणी यंत्राच्या मर्जीची, धूळ ओळखायची सोय नाही आणि १२० रोल बसत नाही. ज्यांच्याकडे चार-पाच रंगीत रोल आहेत आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे आहेत, त्यांनी हाच घ्यावा. मी खरंच म्हणतेय. बाकीची डोकेदुखी त्यांना नको.

दुसरा, ३५ मिमीचा खास स्कॅनर. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८१०० किंवा ८२००आय. नावातल्या ‘आय’चा अर्थ अवरक्त किरणांची, म्हणजे धूळ ओळखायची सोय. तपशील उत्तम. प्रत्येक फ्रेम हाताने पुढे सरकवायची, म्हणजे शेजारी बसून राहायचं. १२० रोल यातही नाही.

तिसरा, जुना निकॉन कूलस्कॅन. ४००० डीपीआय आणि तेही खरे. सगळे जाणकार त्याचं नाव आदराने घेतात. पण उत्पादन बंद होऊन बरीच वर्षं झाली, कंपनीचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, त्याला व्ह्यूस्कॅनसारखा पर्याय वापरावा लागतो. बिघडला तर सोलापुरात उघडणार कोण? बाद.

चौथा, फिल्मची सोय असलेला फ्लॅटबेड. एपसन व्ही६०० किंवा व्ही८५०. व्ही६००मध्ये एका वेळी ३५ मिमीच्या सहाच्या दोन पट्ट्या, म्हणजे बारा फ्रेम, किंवा चार स्लाइड्स बसतात. १२०ची पट्टीही बसते. व्ही८५०मध्ये अठरा फ्रेम, बारा स्लाइड्स. पट्ट्या लावून इतर कामाला लागता येतं. अल्बममधल्या जुन्या प्रिंटाही याच काचेवर. ज्या फोटोंचे निगेटिव्ह हरवलेत त्यांच्यासाठी हा मुद्दा लहान नाही.

पाचवा, डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि खाली उजेडाचा पाटा. भाच्याची शिफारस हीच. वेगळी नोंद करेन.

८ मार्च

मधल्या मारुतीजवळ एक जुने स्टुडिओवाले काका आहेत. आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन करतात. डार्करूमच्या जागी झेरॉक्सचं मशिन. त्यांना तीन पट्ट्या दाखवल्या. खिडकीकडे धरून, डोळा बारीक करून बघत म्हणाले, “हे आमचंच धुतलेलं हाय बघा. कडेचं बोट कुणाचं ते पण सांगतो.” बोटाचा ठसा खरंच होता, पक्का वाळलेला.

त्यांच्याकडून दोन गोष्टी घेतल्या. एक : ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर पांढुरके डाग असतील तर ओल्या फडक्याने पुसायचे नाहीत. बुरशीने जिलेटिन खाल्लेलं असलं तर पाणी लागताच चित्रच उठून येतं. नुसता रबरी पंप आणि मऊ ब्रश. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे थेंब बसतात. दुसरी : सुट्या फ्रेमसाठी प्लास्टिकच्या रिकाम्या स्लाइड चौकटी वापरा. त्यांनी ड्रॉवरमधून मूठभर काढून दिल्या. पैसे घेतले नाहीत, लॅमिनेशन मात्र करून घ्यायला लावलं.

१५ मार्च

अवरक्त किरणांचा मुद्दा आज नीट समजून घेतला, कारण किमतीतला मोठा फरक तिथे आहे.

रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्यंच उरतात. ही रंगद्रव्यं अवरक्त प्रकाशाला जवळपास पारदर्शक असतात. धूळ आणि ओरखडे मात्र तो अडवतात. स्कॅनर एकदा नेहमीच्या उजेडात आणि एकदा अवरक्त उजेडात फिल्म वाचतो. दुसऱ्या वाचनात फक्त कचऱ्याचा नकाशा मिळतो. त्यावरून सॉफ्टवेअर पहिल्या चित्रातले तेवढे ठिपके भरून काढतं. डिजिटल आइस म्हणतात ते हे.

ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं. चांदी अवरक्त प्रकाशही अडवते. म्हणजे स्कॅनरच्या लेखी आजीचं नाक हासुद्धा कचराच. तिथे हे तंत्र बंद ठेवावं लागतं. कोडॅकच्या कोडाक्रोम या स्लाइड फिल्मलाही ते धड मानवत नाही, पण काकांच्या पेटीत कोडाक्रोम नाही.

आपल्या ट्रंकेला लावून बघू. साडेसातशे ब्लॅक अँड व्हाइट फ्रेमना अवरक्त किरणांचा शून्य उपयोग. अकराशे रंगीत फ्रेमना पुरेपूर उपयोग. आणि आम्ही राहतो साखर पेठेत. शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे, हवेत कायम रुईचे बारीक तंतू. आज एक रंगीत पट्टी पंपाने साफ करून पाटीवर ठेवली, चहा टाकून परत आले तर तिच्यावर दोन तंतू. अकराशे फोटोंवरचे ठिपके माउसने एकेक पुसणं मला जमणार नाही. अवरक्त सोय हवीच.

हा निकष लागल्यावर कॅमेऱ्याची पद्धत रंगीत निगेटिव्हच्या बाबतीत मागे पडते. पण भाच्याला बोलू देऊ.

२३ मार्च

भाचा पुण्याहून आला, सोबत २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, मॅक्रो लेन्स, स्टँड, उजेडाचा पाटा. पाटा निवडताना नुसता उजेड बघायचा नाही, म्हणे. रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९५च्या वर हवा, नाहीतर स्लाइडमधला एखादा रंग मुळातच उजेडात नसतो.

६००० पिक्सेल ३६ मिमीवर पसरले तर ४२०० डीपीआयपेक्षा जास्त होतात. फ्लॅटबेड इथे स्पर्धेतच नाही. काकांची एक स्लाइड घेतली. वॉल हँगिंगचा नमुना, जॅकार्ड मागावर विणलेला मोर. पडद्यावर मोठा करून बघितला तर मोराच्या मानेतले आडवे-उभे धागे सुटे सुटे दिसत होते. कुठे बाण्याने ताण्यावरून उडी घेतली तेही. काका हे बघून खुर्चीत सरळ बसले आणि कुठल्या कारागिराने त्या नक्षीच्या छिद्रांचा कार्डसंच पाडला होता ते सांगायला लागले. स्लाइड लालसर झाली आहे. निळसर-हिरवं रंगद्रव्य आधी फिकं पडलेलं दिसतं. पण तपशील जागेवर आहे.

स्लाइडची आणखी एक अडचण कॅमेऱ्याने सोपी होते. स्लाइडमधले गडद भाग निगेटिव्हपेक्षा कितीतरी दाट असतात. स्कॅनरच्या माहितीपत्रकात डीमॅक्स नावाचा आकडा असतो तो याच क्षमतेचा. लॉगरिदमचा आहे, म्हणून ३.४ आणि ४.० यांतला फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. मध्यम फ्लॅटबेडमध्ये गडद भागात नुसती खसखस दिसते. कॅमेऱ्यात त्याच स्लाइडचे कमी-जास्त उजेडाचे दोन फोटो घेऊन जोडता येतात.

रंगीत निगेटिव्हवर मात्र भाच्याची दमछाक झाली. अशा निगेटिव्हवरची नारिंगी छटा काढून रंग उलटवायला डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे, मोफत. ते चांगलं काम करतं. अडलं ते धुळीवर. एका लग्नाच्या फोटोतले ठिपके पुसण्यात त्याची दुपार गेली.

“मावशी, तुमच्या गल्लीत हे शक्य नाही,” असं म्हणून तो शेंगा चटणी बांधून घेऊन गेला.

२४ मार्च

निर्णय. ट्रंकेत ज्याची संख्या जास्त, त्याचं मत आधी. १२० रोल आणि रंगीत ३५ मिमी मिळून पंधराशेहून जास्त फ्रेम. दोन्ही घेणारं आणि अवरक्त सोय असलेलं परवडणारं यंत्र म्हणजे व्ही६००च्या वर्गातला फ्लॅटबेड. दीडशे स्लाइड्स आणि मोठ्या करायच्या निवडक फ्रेम कॅमेऱ्यावर. व्ही८५० सरस आहे, पण जादा पैसे ज्या कामासाठी द्यायचे ते काम भाच्याचा कॅमेरा त्याहून चांगलं करतोय.

३० मार्च

पाडवा. पुण्याच्या एका गृहस्थांकडून वापरलेला व्ही६०० घेतला. जुनं यंत्र घेणाऱ्यांसाठी, पैसे देण्याआधी मी काय काय तपासलं ते :

रिकाम्या काचेवर फिल्म पद्धतीने स्कॅन करून चित्र पूर्ण उजळ केलं. लांब उभी रेघ दिसली असती तर सेन्सरवर किंवा वरच्या मोजणीच्या पट्टीवर धूळ. झाकणातली खिडकी मोबाइलच्या टॉर्चने तिरकी बघितली, काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आहे का ते कळतं. डिजिटल आइस लावून एक रंगीत पट्टी स्कॅन केली, अवरक्त दिवा चालू आहे याची तेवढी खात्री. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फिल्मच्या प्लास्टिक चौकटी सोबत आहेत ना ते. चौकटी हरवलेला स्कॅनर निम्म्या किमतीत मिळाला तरी नको.

घरी आल्यावर आईने आधी यंत्राला हळदकुंकू लावलं. काचेवर नको एवढंच म्हटलं.

६ एप्रिल

जागा ठरली. आतली खोली, पंखा बंद, खिडकी बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसून घेतलेली. सुती हातमोजे विकत आणले होते, त्यांचेच तंतू फिल्मवर दिसले. आता डॉक्टरी रबरी मोजे. यूपीएस जोडला, कारण स्कॅन निम्म्यावर असताना लाइट गेली की अख्खी फेरी वाया.

१३ एप्रिल

आंबट वासाची पाकिटं संपवली. फिल्म आकसून कडेने वळलेली होती. चौकटीत दाबून बसवताना मधला भाग फुगून वर येतो, आणि या स्कॅनरचा फोकस ठरलेल्या उंचीवरच असतो. फुगलेला भाग धूसर. चौकटीखाली पुठ्ठ्याचे पातळ तुकडे लावून उंची कमी-जास्त करून बघितली. एक पुठ्ठा लावल्यावर स्पष्ट फरक पडला. तो तिथेच चिकटवून टाकला. बाकीच्या वळलेल्या पट्ट्या कागदात घालून जाड खतावण्यांखाली दाबून ठेवल्या आहेत. पेढीवरच्या जुन्या वह्यांचा उपयोग होतोय.

फिल्म थेट काचेवर ठेवून सपाट करायचा मोह होतो. पण चकचकीत फिल्म आणि काच चिकटली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात, न्यूटनची वलयं. ती नंतर जात नाहीत.

२० एप्रिल

आजची पट्टी मजेशीर. होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, १९९०च्या आसपासचं. सॉफ्टवेअरला लघुचित्रं करायला, म्हणजे पट्टीतल्या फ्रेम आपोआप वेगळ्या काढायला सांगितलं तर सहा फ्रेमच्या जागी त्याने वेडेवाकडे चार तुकडे दिले. एकात अर्धं बाण-झाड आणि शेजारच्या फ्रेममधलं अर्धं चक्र.

कारण निगेटिव्ह हातात धरल्यावर कळलं. रात्रीच्या फोटोत आकाश काळं, म्हणजे निगेटिव्हवर तो भाग कोरा, पारदर्शक. दोन फ्रेममधली पट्टीही कोरी. यंत्र कडा शोधतं ती दाट भाग कुठे सुरू होतो यावरून. इथे कडाच नाही. आतषबाजीच्या काळ्या रेषा तेवढ्या मध्येच तरंगत होत्या. लघुचित्रांची सोय बंद केली, पूर्ण पट्टीचं पूर्वदृश्य घेतलं, आणि खालच्या छिद्रांची मोजणी धरून चौकोन हाताने आखले. ३५ मिमीला एका फ्रेममागे आठ छिद्रं असतात, ते इथे कामी आलं. रंगही आपोआप लावू दिले तर यंत्र रात्रीचा राखाडी दिवस करतं. काळ्याची खूण हाताने ओढावी लागते.

अप्पा मागून बघत होते. “हा वरचा हिरवा जो आहे ना, तो फुटला तेव्हा तू कानात बोटं घालून रडत होतीस.” फोटोत मी नाही.

४ मे

दुपारी बेचाळीस. हवा इतकी कोरडी की पट्टी पाकिटातून ओढली की स्थिर वीज येते आणि आसपासचे सगळे तंतू ती ओढून घेते. पहाटे सहाच्या आधी काम करते. तेव्हा कारखानाही थंड असतो. अवरक्त सफाई बारीक तंतू नेते, पण मोठा तंतू चेहऱ्यावर असला तर भरून काढलेली जागा मेणासारखी दिसते. आधी पंप, मग आइस, हा क्रम सोडायचा नाही.

१८ मे

सुट्या फ्रेमचा ढीग. चकचकीत बाजू खाली, हा नियम. बहुतेक पट्ट्यांवर कडेला अक्षरं असतात, ती सरळ वाचता आली की बाजू कळते. सुट्या, कडा कापलेल्या, जुन्या १२०च्या काही फ्रेमच्या दोन्ही बाजू सारख्याच मंद दिसतात. तिथे चित्रातूनच खूण शोधायची. सोलापूरच्या पूर्व भागातले फोटो असतील तर सोपं, तेलुगू-मराठी पाट्या कुठेतरी असतातच. पाटी नसेल तर आत्याला बोलावते. ती एक नजर टाकून सांगते, “पदर उजव्या खांद्यावर कसा येईल? फिरव.” एका फोटोवर मात्र ती अडली. “ही बाई गुजराती दिसते. हिचं तसंच राहू दे.”

८ जून

पाऊस आला, वीज चावायची थांबली, आता बुरशीची काळजी. स्कॅन झालेली फिल्म नव्या पाकिटांत, पाकिटं हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आंबट वासाची पाकिटं मात्र बंद डब्यात नाहीत, त्यांची वाफ कोंडता कामा नये. ती वेगळ्या खणात, कागदी पाकिटांत, हवा लागेल अशी.

२२ जून

सध्या चालू असलेली मांडणी लिहून ठेवते, म्हणजे मी नसताना भाच्याला बसता येईल.

सगळं २४०० डीपीआयला. त्यावर गेलं तर या यंत्रातून फाइल वाढते, तपशील नाही. ब्लॅक अँड व्हाइट १६ बिट राखाडी, आइस बंद. रंगीत ४८ बिट, आइस चालू. धार वाढवायची सोय बंद, ती नंतर प्रतीवर करता येते. मूळ प्रत टिफ, म्हणजे तपशील न गाळणारी मोठी फाइल, वाटायला वेगळी जेपीईजी. रंगीत फ्रेमची टिफ साधारण ४६ एमबी, १२०ची ५६. सगळं मिळून ऐंशी जीबीच्या आसपास. दोन हार्ड डिस्क, एक इथे, एक पुण्यात. फाइलचं नाव : पाकीट क्रमांक, पट्टी, फ्रेम. साल नावात नाही, कारण साल अप्पा आणि आत्या अजून भांडून ठरवतायत. ते वेगळ्या वहीत.

आइस लावून एका रंगीत फ्रेमला तीन-चार मिनिटं लागतात. १२०चे संपले, ३५ मिमी ब्लॅक अँड व्हाइट संपत आले, रंगीत निम्म्याच्या अलीकडे. ११०चे नखाएवढे निगेटिव्ह काळ्या पुठ्ठ्यात खिडकी कापून लावले. निकाल बरा. डोकी अर्थातच कापलेलीच.

स्लाइड्स गणपतीला. भाचा पाटा आणि स्टँड घेऊन येतोय. काकांनी त्याआधी कुठल्या स्लाइड्स पहिल्या घ्यायच्या याची यादी केली आहे. चाळीस नावं आहेत, सगळ्यांच्या पुढे ‘अर्जंट’.